धर्मयुद्धांचे सचित्र इतिहास व चित्रांचें प्रामाण्य

इतिहासाचा ग्रंथ सचित्र असावा ही वाचकाची अपेक्षा रास्त आहे. किल्ल्याची तटबंदी कशी होती, घोडेस्वार भाला कसा धरीत, वेढ्याच्या यंत्राची रचना काय होती, हें दहा पानांच्या वर्णनानें जें उमगत नाहीं तें एका चित्रानें क्षणांत उमगतें. परंतु असे ग्रंथ वाचतांना एक विलक्षण प्रकार घडतो, असा आमचा अनुभव आहे. मजकुरांतील प्रत्येक विधानास आधार काय, असें विचारणारा चिकित्सक वाचक चित्रापाशीं आला म्हणजे तो प्रश्न विसरतो. पत्राची तारीख, अक्षर, कागद व शिक्का तपासल्यावांचून जो तें पत्र पुराव्यांत घेणार नाहीं, तोच गृहस्थ प्रसंगानंतर दोनशें वर्षांनीं काढलेलें चित्र त्या प्रसंगाचें प्रत्यक्ष दर्शन म्हणून स्वीकारतो. चित्रांस कागदपत्रांची कसोटी लावली असतां काय निष्पन्न होतें, हें एका विषयापुरतें पाहण्याचा आमचा विचार आहे.

विषय आम्हीं क्रूसेडच्या धर्मयुद्धांचा निवडला आहे. १०९५ च्या नोव्हेंबरांत क्लेरमाँ येथील धर्मसभेंत पोप दुसरा अर्बन यानें पूर्वेकडील मोहिमेचा पुकारा केला. १५ जुलै १०९९ रोजीं क्रूसधाऱ्यांनीं जेरुसलेम घेतलें. ४ जुलै ११८७ रोजीं हत्तीन येथें सलाहुद्दीनानें त्यांच्या सैन्याचा मोड केला व त्याच वर्षीच्या ऑक्टोबरांत जेरुसलेम परत घेतलें. आणि १८ मे १२९१ रोजीं अक्का शहर पडून सिरियाच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती राज्य संपुष्टांत आलें. या सुमारें दोनशें वर्षांच्या प्रकरणावर युरोपांत जितके सचित्र ग्रंथ निघाले तितके मध्ययुगांतील फारच थोड्या प्रकरणांवर निघाले असतील. शिवाय या युद्धांचीं नांवें आजही राजकारणांत व धर्मकारणांत शस्त्राप्रमाणें वापरलीं जातात. त्यामुळें येथील चित्राची चूक ही नुसती शोभेची चूक राहत नाहीं.

प्रथम सर्वांत परिचित चित्र घेऊं. हत्तीनच्या लढाईचें प्रकरण आलें कीं बहुतेक ग्रंथांत मॅथ्यू पॅरिस याच्या बखरींतील चित्र छापलेलें आढळतें. डाव्या बाजूस सलाहुद्दीन, उजव्या बाजूस जेरुसलेमचा राजा गी, आणि दोघांच्या मध्यें पवित्र क्रूस. सलाहुद्दीन तो राजाच्या हातून हिसकावून घेत आहे. चित्र जोरदार आहे यांत शंका नाहीं. पण मॅथ्यू पॅरिस हा इंग्लंडांतील सेंट आल्बन्स मठाचा भिक्षु. तो १२५९ च्या सुमारास वारला आणि लढाईच्या वेळीं त्याचा जन्मही झालेला नव्हता. क्रूस त्या दिवशीं राजाच्या हातांत नव्हता; तो अक्काच्या बिशपाबरोबर रणांत नेला होता व तो बिशप लढाईंत मारला गेला. तेव्हां दोन राजांची ही झोंबाझोंबी म्हणजे घडलेली गोष्ट नव्हे, तर घडलेल्या गोष्टीचा एका इंग्रज भिक्षूनें लावलेला अर्थ होय. ख्रिस्ती धर्माची अब्रू परधर्मीयानें हिरावून नेली, हें त्यास सांगावयाचें होतें व तें त्यानें उत्तम रीतीनें सांगितलें आहे. हत्तीनच्या लढाईचा पुरावा म्हणून या चित्राची किंमत शून्य. परंतु तेराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांत त्या पराभवाचें शल्य किती ताजें होतें, याचा पुरावा म्हणून तें मोलाचें आहे. एकाच कागदाची एका प्रश्नास किंमत नसावी व दुसऱ्यास फार असावी, हा अनुभव संशोधकांस नवा नाहीं.

हीच गोष्ट रिचर्ड व सलाहुद्दीन यांच्या द्वंद्वयुद्धाची. चर्ट्सी मठाच्या जागीं सांपडलेल्या व सध्यां ब्रिटिश म्यूझियममध्यें असलेल्या तेराव्या शतकांतील फरसबंदीच्या विटांवर, तसेंच चौदाव्या शतकांतील लटरेल स्तोत्रसंहितेच्या समासांत हें द्वंद्व दाखविलें आहे. दुसऱ्या चित्रांत तर सलाहुद्दीनाचा चेहरा निळा रंगविला आहे. वस्तुतः हे दोन पुरुष एकमेकांस कधींही समोरासमोर भेटले नाहींत. ११९१-९२ मध्यें त्यांच्यांत जो व्यवहार झाला तो वकिलांमार्फत, व त्यांत सलाहुद्दीनाचा भाऊ अल्-आदिल प्रमुख होता. आणखी नवल असें कीं, युद्धाच्या चित्रांत जो दोष आहे तोच तहाच्या चित्रांतही आहे. १२२९ सालीं बादशहा दुसरा फ्रेडरिक यानें इजिप्तचा सुलतान अल्-कामिल याच्याशीं तह करून लढाईवांचून जेरुसलेम मिळविलें. व्हिल्लानीच्या बखरीच्या चौदाव्या शतकांतील सचित्र प्रतींत हे दोघे समोरासमोर भेटत आहेत असें दाखविलें आहे. तोही तह वकिलांनींच घडवून आणला होता. चित्रकारास दोन राजे एका चौकटींत हवे असतात. इतिहासांत मात्र दोन राजांच्या मध्यें वकील, दुभाषे, कारकून व जासूद असतात, आणि बहुधा तेच खरें काम करतात. चित्रावरून इतिहास शिकणाऱ्याच्या मनांतून ही सगळी मधली मंडळी नाहींशी होते.

यावरून मध्ययुगीन चित्रें सरसकट टाकाऊ असें मात्र कोणीं समजूं नये. जेरुसलेमच्या राज्याचा इतिहास लिहिणारा टायरचा आर्चबिशप विल्यम याच्या लॅटिन ग्रंथाचें तेराव्या शतकांत फ्रेंच भाषांतर झालें. त्याच्या अनेक सचित्र प्रती उपलब्ध असून कांहीं खुद्द अक्का येथें, तें शहर पडण्यापूर्वीं थोडींच वर्षें, तयार झाल्या. यांतील चित्रें बहुधा प्रत्येक भागाच्या आरंभींच्या अक्षरांत बसविलेलीं लहानशीं चित्रें होत. तीं मजकुराला धरून चालतात. राजपुत्र बाल्डविन खेळांत इतर मुलांनीं चिमटे काढले असतांही दुखल्याचें दाखवीत नाहीं, हें पाहून त्याचा शिक्षक विल्यम यास रोगाची शंका आली व तें पुढें महारोगाचें लक्षण ठरलें, ही हकीकत विल्यमनें स्वतः लिहिली आहे. ब्रिटिश लायब्ररींतील एका प्रतींत तिचें चित्र आहे. १०९७ सालीं नाइसियाच्या वेढ्यांत क्रूसधाऱ्यांनीं मारलेल्या तुर्कांचीं मुंडकीं यंत्रानें शहरांत फेंकलीं, ही गोष्ट मोहिमेबरोबर असलेल्या लेखकांनीं सांगितली आहे. तीही पॅरिस येथील एका प्रतींत चितारलेली आहे. अशा ठिकाणीं चित्र व मजकूर एकमेकांस दुजोरा देतात असें वरवर वाटेल. तसें नाहीं. चित्रकारानें मजकूर वाचूनच चित्र काढलें आहे, म्हणजे तो दुसरा साक्षीदार नसून पहिल्याच साक्षीदाराचा प्रतिध्वनि आहे. मूळ बखर व तिच्यावरून उतरलेली नक्कल यांस दोन आधार मोजणें जितकें चुकीचें, तितकेंच हेंही चुकीचें.

मग चित्रकाराची स्वतःची साक्ष कोणती? त्यानें जें न कळत काढलें ती. मध्ययुगीन चित्रकारास पूर्वींचा पोषाख निराळा असेल ही कल्पना फारशी शिवत नसे. तो सर्व काळांतील लोकांस आपल्या काळचींच वस्त्रें व शस्त्रें देतो. शांपाञचा सुभेदार लुई द लाव्हाल याच्यासाठीं सेबास्तियाँ मामरो यानें १४७४ च्या सुमारास पूर्वेकडील मोहिमांचा इतिहास लिहिला व झाँ कोलोंब यानें तो चित्रांनीं सजविला. त्यांतील १०९९ चे योद्धे पंधराव्या शतकांतील पोलादी चिलखतें घालून उभे आहेत. हें पुस्तक होण्यापूर्वीं वीसच वर्षें, १४५३ सालीं, तुर्कांनीं कॉन्स्टँटिनोपल घेतलें होतें आणि नव्या मोहिमेच्या गोष्टी युरोपच्या दरबारांत चालल्या होत्या. हें ध्यानांत घेतलें म्हणजे हीं चित्रें भूतकाळाचीं नसून एका इच्छेचीं आहेत हें समजतें.

याच कारणास्तव ज्या चित्रांचा विषयच धर्मयुद्ध नाहीं तीं कधीं कधीं अधिक उपयोगी पडतात. तेराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्यें तयार झालेलें एक चित्रमय बायबल न्यूयॉर्क येथील मॉर्गन ग्रंथालयांत आहे. त्यांत साऊल, दावीद इत्यादि पुरुषांच्या लढाया आहेत. पण चिलखतें, तलवारी, गोफणयंत्रें सर्व नवव्या लुईच्या मोहिमेच्या काळचीं आहेत. १२४८ मध्यें निघालेला फ्रेंच योद्धा कसा दिसे, हें पाहण्यास याहून चांगलें साधन विरळा. तेंच चित्र १०९९ च्या प्रकरणांत छापलें कीं दीडशें वर्षांची चूक होते, आणि ही चूक लोकप्रिय ग्रंथांत वारंवार झालेली दिसते. या पुस्तकाची पुढील हकीकतही बोधप्रद आहे. पोलंडांतील कार्डिनल मात्सिएयोव्स्की यानें तें इराणच्या शहा अब्बासाकडे नजराणा म्हणून धाडलें व १६०८ सालीं तें शहास सादर झालें. मूळचीं चित्रें निःशब्द. त्यांवर प्रथम लॅटिन मजकूर लिहिला गेला होता, मग इराणांत फारसी व पुढें ज्यू वाचकाच्या हातून हिब्रू लिपींतील फारसी मजकूर आला. चित्र एकच, पण ख्रिस्ती, मुसलमान व ज्यू अशा तिघांनीं त्याच्या कडेला आपापलें वाचन लिहून ठेवलें. चित्राखालील ओळ हा चित्राचा भाग नसून वाचकाचा अभिप्राय असतो, याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. इब्न अल्-कलानिसी, इब्न अल्-अथीर, सलाहुद्दीनाचा चरित्रकार बहाउद्दीन हे अरबी इतिहासकार उत्तम दर्जाचे. पण त्यांच्या ग्रंथांस सचित्र करण्याची चाल नव्हती. त्यामुळें आधुनिक ग्रंथकारास मुसलमानी बाजूचीं चित्रें हवीं असलीं म्हणजे तो दुसरीकडून उसनीं आणतो. निशाणें उभारलेल्या व शिंगें फुंकणाऱ्या घोडेस्वारांचें एक सुंदर चित्र मुसलमानी सैन्याचें म्हणून पुष्कळदा छापलें जातें. तें अल्-हरीरीच्या मकामांच्या १२३७ सालीं अल्-वासितीनें चितारलेल्या प्रतींतील आहे. मकामा म्हणजे एका वाक्पटु भामट्याच्या गोष्टी. आणि हे स्वार लढाईस निघालेले नसून रमझानच्या अखेरीस ईदच्या मिरवणुकीसाठीं थांबलेले आहेत! सणाच्या मिरवणुकीस स्वारी समजणें हा गैरसमज किती खोल जातो, याचा विचार वाचकांनींच करावा. सलाहुद्दीनाच्या चेहऱ्याचीही तीच गत. फ्लॉरेन्स येथील जें चित्र सर्वत्र त्याचें म्हणून दिसतें तें सोळाव्या शतकांत क्रिस्तोफानो देल्ल' आल्तिस्सिमो यानें काढलें; सलाहुद्दीन ११९३ सालीं वारला होता.

येथें एका शब्दाची आठवण होते. अरबी लेखक क्रूसधाऱ्यांस त्यांच्या धर्मावरून नव्हे, तर जातीवरून ओळखतात. ते त्यांस इफ्रंज म्हणजे फ्रँक म्हणतात. हाच शब्द फारसीच्या वाटेनें आपल्याकडे येऊन फिरंगी झाला व आपल्या जुन्या पत्रांत गोव्याच्या पोर्तुगीजांस लागला. ज्या युद्धास एक पक्ष आरंभापासून धर्मयुद्ध म्हणत होता, त्यास दुसऱ्या पक्षानें फार काळ फिरंग्यांची स्वारी इतकेंच म्हटलें, ही गोष्ट कोणत्याही चित्रांत दिसणार नाहीं. ती शब्दांतच दिसते.

एकोणिसाव्या शतकांत या चित्रांस नवें रूप आलें. मिशो याचा इतिहास १८१२ पासून प्रसिद्ध होऊं लागला होता; त्याची गुस्ताव्ह दोरे याच्या शंभर चित्रांची आवृत्ति १८७७ सालीं निघाली. दोरेची कला थोर आहे. अंधारांतून उसळणारे भाले, प्रेतांचे ढीग, आकाशांतील देवदूतांचीं सैन्यें हीं एकदां पाहिलेला मनुष्य विसरत नाहीं. आणि नेमका हाच धोका. १२१२ सालच्या तथाकथित बालकांच्या मोहिमेचें दोरेचें चित्र घ्या. लहान मुलांचा तो लोंढा पाहिल्यावर मूळ लॅटिन लेखांतील प्वेरी या शब्दाचा अर्थ केवळ मुलें असाच होतो किंवा काय, ही शंका वाचकाच्या मनास शिवत नाहीं. वस्तुतः पीटर रेड्ट्स यानें १९७७ सालीं असें दाखविलें कीं, हा शब्द जमीन नसलेल्या गरीब खेडवळ मजूरवर्गासही लागत असे, व त्या जमावांत मोठीं माणसेंही पुष्कळ होतीं. एका शब्दाच्या अर्थाचा हा वाद. पण चित्रानें तो वाचकापुरता आधींच निकालांत काढलेला असतो.

त्याहून गंभीर प्रकार व्हर्सायचा. लुई फिलिप राजानें तेथील राजवाड्यांत धर्मयुद्धांचीं दालनें सजविलीं व १८४३ सालीं तीं खुलीं झालीं. भिंतींवर युद्धांचे भव्य देखावे, व त्यांच्याबरोबर ज्या घराण्यांचे पूर्वज त्या मोहिमांत गेले होते त्यांचीं कुलचिन्हें. आपल्याही घराण्याचें चिन्ह तेथें लागावें म्हणून सरदार मंडळींची झुंबड उडाली. पुरावा हवा होता, आणि मागणी तसा पुरवठा झाला. पूर्वजानें मोहिमेवर असतां इटालियन सावकारांकडून घेतलेल्या रकमांचीं कर्जखतें कुर्त्वा नांवाच्या विक्रेत्याकडे मिळूं लागलीं. तीं दाखवून अनेकांनीं आपलीं चिन्हें लावून घेतलीं. पुढें विसाव्या शतकांत हा संग्रह बनावट असल्याचें सिद्ध झालें. चित्रामुळें प्रतिष्ठा, प्रतिष्ठेसाठीं दस्तऐवज, आणि दस्तऐवजावरून पुन्हां इतिहास, असें हें चक्र आहे. वतनासाठीं खोट्या सनदा बनविल्याचीं प्रकरणें ज्यांनीं दप्तरांत पाहिलीं आहेत त्यांस याचें आश्चर्य वाटणार नाहीं.

सर्वांत मोठी कसोटी जेरुसलेमच्या कत्तलीची. क्रूसधाऱ्यांनीं शहर घेतल्यावर मुसलमान व ज्यू रहिवाशांची भयंकर कत्तल केली, यांत दोन्ही पक्षांच्या लेखकांचें एकमत आहे. मोहिमेंतील रेमाँ द आगिलेर हा लेखक रक्त घोड्यांच्या लगामापर्यंत पोंचल्याचें लिहितो; पण ही प्रतिमा बायबलच्या शेवटच्या ग्रंथांतून घेतलेली आहे. त्यास दृश्य सांगावयाचें नव्हतें, भविष्य खरें ठरलें असें सांगावयाचें होतें. नंतरच्या चित्रकारांनीं तें अक्षरशः घेतलें. अल्-अक्सा मशिदींत सत्तर हजारांवर लोक मारले गेले असें इब्न अल्-अथीर शंभराहून अधिक वर्षांनंतर लिहितो. तर त्या काळीं पूर्वेकडे असलेला सेव्हिलचा विद्वान् इब्न अल्-अरबी तीन हजार हा आंकडा देतो. आंकडा लहान झाला म्हणून पाप लहान होत नाहीं. तीन हजार निःशस्त्र माणसांची कत्तल ही कत्तलच. किंबहुना आमचें म्हणणें असें कीं, रक्ताच्या नदीचें चित्र त्या मेलेल्यांवर अन्यायच करतें. कारण तें पाहून वाचकास भीषण रसाचा आस्वाद मिळतो, माणसें दिसत नाहींत. शिवाय जें चित्रित झालें नाहीं तें विसरलें जातें. १०९६ च्या मे महिन्यांत, मोहीम पूर्वेकडे पोंचण्यापूर्वींच, र्‍हाईन नदीकाठच्या वोर्म्स, माइन्त्स वगैरे शहरांतील ज्यू लोकांची कत्तल झाली. हिब्रू बखरींनीं ती नोंदवून ठेवली आहे. युद्धाच्या ऐन धामधुमींत, ११८४ सालीं, काफले दोन्ही मुलखांतून निर्वेध जात होते, हें प्रवासी इब्न जुबैर यानें डोळ्यांनीं पाहून लिहिलें आहे. पहिल्या गोष्टींत वीर नाहींत व दुसरींत रण नाहीं. म्हणून जुन्या सचित्र ग्रंथांत दोहोंसही जागा नाहीं.

अलीकडच्या ग्रंथांत या बाबतींत सुधारणा झाली आहे हें नमूद करणें न्यायाचें आहे. रायली-स्मिथ यांनीं संपादिलेल्या १९९५ च्या ऑक्सफर्ड सचित्र इतिहासांत लॅटिन पूर्वेंतील कला व वास्तु यांवर स्वतंत्र प्रकरणें आहेत, आणि एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत या युद्धांची प्रतिमा कशी बनली यावरही एक प्रकरण आहे. म्हणजे चित्रांची शहानिशा हाच इतिहासाचा विषय झाला आहे. कॅरोल हिलेनब्रँड यांचा १९९९ चा ग्रंथ मुसलमानी साधनांवर आधारलेला असून त्यांत त्या बाजूच्या इमारती व वस्तु यांच्या चित्रांची समृद्धि आहे. मशिदीचा मिंबर किंवा किल्ल्याचा दरवाजा हा योद्ध्याच्या चित्राइतका मन वेधीत नाहीं, पण तो खोटें कमी बोलतो.

कोणी म्हणेल, सामान्य वाचकास चित्रेंच ग्रंथाकडे ओढून आणतात. त्यांवर इतकी कडक नजर ठेवली तर ग्रंथ रुक्ष होतील. या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि चित्रें काढून टाकावींत असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. दोरेचीं चित्रें अवश्य छापावींत. पण तीं १८७७ च्या फ्रान्सचीं म्हणून छापावींत. प्रत्येक चित्राखालीं तें कोणीं, केव्हां व कोठें काढलें, मूळ ग्रंथांत तें कोणत्या प्रसंगाचें आहे, आणि प्रसंग व चित्र यांत किती वर्षांचें अंतर आहे, इतकें दिलें म्हणजे पुरे. दोन ओळींचें हें काम आहे. त्यानें चित्राची गोडी कमी न होतां वाढेल. कारण वाचकास एकाच चित्रांत दोन काळ दिसूं लागतील.

हा उपदेश परक्यांस करावयाचा व आपण मोकळें राहावयाचें असें नाहीं. शिवछत्रपतींचें म्हणून दुसऱ्याच इसमाचें चित्र आपल्याकडे कित्येक वर्षें पूजिलें जात होतें, वा. सी. बेंद्रे यांनीं १९३३ सालीं समकालीन चित्र पुढें आणलें तेव्हां ती चूक सुधारली. त्या चुकीच्या चित्रास भक्तिभावानें हार घालणाऱ्यांची भक्ति खोटी नव्हती. फक्त चित्राखालील नांव कोणीं तपासलें नव्हतें. धर्मयुद्धांच्या चित्रांत भक्तीच्या जागीं द्वेष येतो, एवढाच फरक. आणि चुकीच्या चित्रावर पोसलेला द्वेष हा चुकीच्या चित्रावर पोसलेल्या भक्तीपेक्षां फार महाग पडतो. म्हणून असा ग्रंथ हातीं येईल तेव्हां वाचकांनीं चित्राआधीं चित्राखालील ओळ वाचावी, व ती ओळ नसेल तर चित्रावर विश्वास टाकूं नये, इतकीच आमची विनंति आहे.